टाळ्यांनी मंजूर झालेले जंगल

आधी तारखा आणि जबाबदार व्यक्ती. तालुका न्यायालयात शिरस्तेदार म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाला हकिकत सांगण्याची दुसरी रीत येत नाही. तारखा मी सणांच्या नावाने देतो, कारण टोकियोतील आमच्या मराठी मंडळात तारीख कोणालाच आठवत नाही. त्या दिवशी जेवणात काय होते, ते मात्र सर्वांना आठवते.

गणेशोत्सवाचा रविवार : मंडळाच्या व्यासपीठावरून 'मैत्रीवन' योजनेची घोषणा. जबाबदार : मंडळाचे अध्यक्ष. हे गृहस्थ तोयोसुच्या एका उंच इमारतीत संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. जंगल त्यांनी बहुधा विमानातून पाहिले असावे.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार : या योजनेसाठी माझ्या गावाची निवड. जबाबदार : पर्यावरण उपसमितीच्या कार्यवाह. या बाई माझ्या सूनबाई आहेत, माझ्या शेजारच्या खोलीत राहतात आणि रोज सकाळी मला चहा देतात. चहाबद्दल मी कृतज्ञ आहे. त्याने जबाबदारी कमी होत नाही.

दिवाळी स्नेहसंमेलन : माझ्या गावच्या ग्रामसभेची तथाकथित संमती. जबाबदार : मी वगळता सभागृहातील सर्व उपस्थित.

संक्रांतीचा आठवडा : गावच्या टेकडीभोवती तारेचे कुंपण. जबाबदार : आमच्या तालुक्यातील एक सेवाभावी संस्था, जिला टोकियोहून निधी येताच सेवेची फार घाई झाली.

होळीपासून आजपर्यंत : मौन. जबाबदार : पुन्हा अध्यक्ष.

आता हकिकत.

आमचे गाव पूर्व विदर्भात, एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. माझ्या तरुणपणी ती टेकडी हजामत केल्यासारखी उघडी होती. सागवान ठेकेदारांनी नेले, उरलेले गावाने सरपणासाठी नेले. मग एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि गावाने एकत्र बसून ठरवले, की यापुढे टेकडीवर कुऱ्हाड नाही आणि गुरेही नाहीत. राखण पाळीने करायची. ज्या घराची पाळी, त्याच्या दाराशी संध्याकाळी एक काठी टेकवून ठेवलेली असे. सकाळी त्या घरातले माणूस ती काठी घेऊन टेकडीवर जाई आणि परतताना पुढच्या घराच्या दाराशी टेकवी. या व्यवस्थेला अध्यक्ष नव्हता, बोधचिन्ह नव्हते, छापील टी-शर्टही नव्हते. तरीसुद्धा मोह परत आला, तेंदू आला, चारोळी आली, बांबू आला. हे कोणत्याही व्यासपीठावरून घोषित झाले नाही, म्हणून बहुधा ते घडलेच नाही असे आमच्या अध्यक्षांना वाटते.

पुढे कायदा आला. सामूहिक वनहक्काचा दावा मी स्वतः लिहिला. तो परत आला, पुन्हा पाठवला. कित्येक वर्षे तो या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला आणि शेवटी हक्क मिळाला. साध्या मराठीत त्याचा अर्थ असा, की या टेकडीची राखण कशी करायची, तिच्यावर काय वाढवायचे आणि काय तोडायचे हे ग्रामसभा ठरवील. ठरवताना निम्मे गाव हजर असले पाहिजे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. शहाणी माणसे याला 'लोकसहभाग' म्हणतात. हा शब्द मला कधीच मानवला नाही. घरमालकाला त्याच्याच घरी पाहुणा म्हणून बोलवायचे आणि तो आला की त्याच्या सहभागाबद्दल आभार मानायचे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ आहे.

माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची विधवा, त्या गावात एकटी राहते. फाल्गुन सरताना मोहाचे फूल गळू लागते. उजाडायच्या आत ती टोपली घेऊन टेकडीवर जाते. मोहाचे कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात पूर्वीपासून ठरलेले आहे आणि त्यावरून कधी भांडण झालेले मी ऐकले नाही. मोह संपतो न संपतो तोच तेंदूची, म्हणजे विडीची, पाने तोडायची वेळ येते. उन्हाळ्याच्या या थोड्या आठवड्यांत वहिनीच्या सबंध वर्षाची बेगमी होते. वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे. बाकीची हकिकत टोकियोतली असल्यामुळे तिच्यात पोटाचा विषय कमी येतो.

पत्नी गेल्यानंतर मुलाने मला टोकियोतल्या ओजिमाला आपल्याकडे आणले. तो ज्या सार्वजनिक वसाहतीत राहतो, तिथल्या रहिवासी संघाच्या वार्षिक सभेला त्याने मला एकदा नेले. कायद्याच्या माणसाला तेवढीच करमणूक, असा त्याचा हिशोब असावा. खुर्च्या सरळ रेषेत, चपला एका रेषेत, माणसेही तशीच. अध्यक्षस्थानी एक वृद्ध जपानी गृहस्थ होते. विषय होता कचऱ्याच्या जागेवर नवी जाळी बसवण्याचा, कारण कावळे पिशव्या फाडतात. वृद्धाने प्रस्ताव वाचला आणि विचारले, "हरकत नाही ना?" मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि जाळी मंजूर झाली.

मी मुलाला हळूच विचारले, "आणि चर्चा?"

"झाली, बाबा."

"कधी झाली? मी इथेच बसलो आहे."

"गेला महिनाभर चालली होती. हे आजोबा प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दारात जाऊन आलेत. आपल्याकडेही आले होते. तुम्हीच नाही का त्यांना दारात उभं करून कावळ्यांवर भाषण दिलंत?"

"मी मराठीत बोललो होतो."

"हो. आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं."

त्या दिवशी त्या वृद्धाविषयी माझ्या मनात आदर उत्पन्न झाला. सभेआधी दारोदार हिंडून प्रत्येकाचे मन जाणून घेण्याला त्यांच्या भाषेत नेमावाशी म्हणतात. शब्द मुळात माळीकामातला आहे. मोठे झाड एका जागेवरून दुसरीकडे न्यायचे असेल, तर बराच काळ आधी त्याच्या मुळांभोवती थोडे थोडे खणत राहतात, झाडाला सावरू देतात, आणि मगच ते उचलतात. आमच्या मंडळाचे अध्यक्ष हा शब्द बोलताना सारखा वापरतात. कित्येक वर्षे जपानात काढल्यामुळे त्यांनी सभेच्या शेवटी टाळ्यांनी मंजुरी घेण्याची पद्धतही मंडळात रुजवली आहे. दारोदार हिंडण्याचा भाग तेवढा गाळला. टोकियोत अंतरे फार, लोकांना वेळ कमी, आणि टाळ्या बसल्या जागेवरून वाजवता येतात.

योजना अशी होती. भारत आणि जपान यांच्या मैत्रीखातर आमच्या टेकडीवर फुलझाडे लावायची. प्रथम साकुरा, म्हणजे जपानी चेरीच, लावायचा विचार होता. आमच्याकडच्या वैशाखात साकुराचे सरपण होईल, असे कोणीतरी सांगितल्यावर उपसमितीने रंगावर तडजोड केली. गुलाबी फुले येणारे कोणतेही झाड चालेल, असे ठरले आणि टॅबेबुया निवडण्यात आला. त्याचे पान गुरे खात नाहीत, फूल माणूस खात नाही, आणि फळ कोणाच्याच उपयोगी पडत नाही. फोटो मात्र उत्तम येतो. मी घरी सूनबाईंना विचारले, "टेकडीवर आधीच जंगल आहे, मग हे कुठे लावणार?" त्यांनी मोबाइलवरचा फोटो दाखवला. संस्थेने तो भर उन्हाळ्यात काढलेला होता. झाडे निष्पर्ण, जमीन पिवळी. खाली लिहिले होते : पडीक जमीन.

"सूनबाई, हे पानगळीचं जंगल आहे. उन्हाळ्यात ते असंच दिसतं."

"हो का? पण बाबा, संस्थेनेच पडीक लिहिलंय ना."

"आपल्या खिडकीखालचे गिंको वृक्ष जानेवारीत कसे दिसतात?"

"बोडके."

"मग त्यांना कोणी पडीक ठरवून कुंपण का घालत नाही?"

सूनबाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याशी बोलायचं म्हणजे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं." विषय तिथे संपला, म्हणजे त्यांच्या बाजूने संपला.

दिवाळी स्नेहसंमेलन निशी-कसाई स्टेशनजवळच्या सभागृहात झाले. व्यासपीठावर मोठा पडदा होता आणि पडद्यावर आमचे गाव. शाळेसमोरच्या पटांगणात माणसे जमलेली दिसत होती. किती होती, निम्मी होती का, त्यांत स्त्रिया किती होत्या, हे मोजण्याची तसदी सभागृहात कोणी घेतली नाही. मी प्रयत्न केला, पण मोबाइल धरणारा संस्थेचा माणूस सारखा आपलाच चेहरा दाखवत होता.

अध्यक्ष रेशमी झब्ब्यात उभे राहिले. "मित्रांनो, आज आपण दोन देशांना झाडांनी जोडतोय. आणि हे टॉप-डाउन नाहीये बरं का! हे पूर्णपणे कम्युनिटीतून आलेलं आहे. बघा, अख्खं गाव आपल्याबरोबर आहे."

तेवढ्यात पडद्यावर एक बाई उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरून ती बोलू लागली. ती माझी वहिनी होती. तिचे ओठ हलत होते, हात वारंवार टेकडीकडे जात होता, मान ठामपणे आडवी हलत होती. आवाज मात्र येत नव्हता. सभागृहात थोडी कुजबुज झाली. तंत्रज्ञानात उभी हयात घालवलेली एवढी माणसे तिथे बसली होती, पण एकालाही उठून तो आवाज सुरू करावासा वाटला नाही.

अध्यक्ष प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "आवाज येत नाहीये, पण ताईंच्या भावना पोहोचल्या! तर मग, कोणाची हरकत नाही ना?"

सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पडद्यावर संस्थेचा माणूस गावकऱ्यांकडे वळून काही बोलला आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. "बघा, बघा! गावसुद्धा टाळ्या वाजवतंय!" असे अध्यक्ष आनंदाने ओरडले.

मी उभा राहिलो. "अध्यक्ष महाशय, माझा हरकतीचा मुद्दा आहे."

"काका, आपण नंतर निवांत बोलू ना. जेवण थंड होतंय."

"ग्रामसभेची गणपूर्ती झाली आहे का? ठराव कोणी मांडला? ज्या स्त्रीने आत्ता नकार दिला, तिचा—"

मागून कोणीतरी म्हणाले, "काकांना माइक द्या रे."

दुसरा म्हणाला, "नको, नको, देऊ नका! मग बासुंदी उद्या सकाळी मिळेल."

हशा पिकला. माझ्या मुलाने माझ्या कोटाची बाही हळूच ओढली. मी बसलो नाही, परंतु बाकी सर्वजण उठले आणि जेवणाच्या टेबलाकडे गेले. उभ्या माणसांत उभा राहिलेला माणूस ओळखू येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

सभेचे इतिवृत्त सूनबाईंनी लिहिले आणि सर्व सभासदांना पाठवले. 'संबंधित ग्रामसभेने टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजुरी दिली. ज्येष्ठ सभासदांनी मौलिक मार्गदर्शन केले.' मी ते वाचले आणि स्वयंपाकघरात गेलो.

"सूनबाई, मौलिक मार्गदर्शन म्हणजे काय?"

"तुम्ही बोललात ना, ते."

"मी हरकत घेतली. हरकतीला मराठीत हरकत म्हणतात."

"बाबा, तसं लिहिलं असतं तर वाईट दिसलं असतं."

"कोणाला?"

"तुम्हालाच," असे म्हणून त्यांनी माझ्यापुढे पोळी वाढली.

संक्रांतीच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. माझी वहिनी 'कसे आहात' वगैरे विचारत नाही.

"भाऊजी, तुमच्या जपानवाल्यांनं आमची टेकडी बांधून टाकली ना जी."

"म्हणजे?"

"तार लावली चवूभवतं. फाटक, फाटकाले कुलूप. वर फळी, फळीवर दोन झेंडे. लोकसहभाग लिवला हाय म्हणे. खालच्या अंगाचे तेंदूचे झुडपं सारे खांदून काढले, खड्डे केले. मास्तरनं वाचून दाखवलं तं आमी हसलो. लोक बाहीर आन् सहभाग अंदर!"

मी विचारले, "पण तुम्ही लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या?"

"तो मोबाइलवाला म्हणे, पाहुणे बोलून रायले, टाळ्या वाजवा. पाहुण्यासाठी कोण नाई वाजवत? शाळेतल्या पोट्ट्यानं गाणं म्हटलं तरी वाजवतो. मी तं त्याच्या पयले उभी राहून नाई म्हणाली. गावात माह्या आवाजाले सारे भेतेत. तुमाले आयकू नाई आला?"

"नाही."

"मंग एवढे लोक बसून काय आयकत होते जी?"

याचे खरे उत्तर बासुंदी होते.

गावाने पुढे जे केले, ते शब्दशः नियमानुसार केले. रीतसर ग्रामसभा बोलावली, निम्म्याहून अधिक गाव हजर राहिले, त्यात स्त्रिया भरपूर होत्या आणि कुंपण काढण्याचा ठराव हात वर करून झाला. ठराव घेऊन गावकरी संस्थेकडे गेले. संस्थेने टोकियोचे इतिवृत्त पुढे केले, की संमती तर दिली आहे, तीही एकमताने. आता योजना मंडळाची आहे. मंडळाने लेखी कळवले तर कुंपण काढू, एरवी नाही. तालुक्याच्या कार्यालयात तक्रार दिली आहे आणि तिला पुढची तारीख मिळेल. कार्यालयातल्या तारखांचा मला अनुभव आहे. मोह त्यांच्यासाठी झाडावर थांबत नाही.

थोडक्यात, माझ्या वहिनीच्या टेकडीच्या फाटकाची किल्ली तोयोसुमधल्या एका गृहस्थांच्या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य लिहिण्यास त्यांना कोणताही कायदा, कोणताही खर्च किंवा कोणताही गुलाबी वृक्ष आड येत नाही.

मी पहिले पत्र लिहिले. त्यात कायदा, वस्तुस्थिती आणि विनंती अशी तीन कलमे होती. उत्तर आले : 'आपल्या मौल्यवान सूचनेची नोंद घेतली आहे. भविष्यात संदर्भासाठी तिचा अवश्य उपयोग होईल.' जपानी कार्यालयात या वाक्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे मुलाने मला समजावले. मी दुसरे पत्र लिहिले, आणि उत्तरादाखल मोबाइलवर जोडलेल्या हातांचे एक पिवळे चित्र आले. तिसऱ्या पत्रात मी विचारले, की हे चित्र नकार आहे, दिलगिरी आहे की प्रार्थना आहे. त्याला उत्तर म्हणून मंडळाच्या साकुरा-सहलीचे निमंत्रण आले. ज्येष्ठांना प्रवेश विनामूल्य, असे खाली आवर्जून लिहिले होते.

मी सहलीला गेलो.

नदीकाठी साकुरा पूर्ण फुलला होता. झाडांखाली निळी प्लास्टिकची अंथरुणे घातलेली, त्यांच्या कडेला जोडे ओळीने काढून ठेवलेले, आणि मध्ये श्रीखंड-पुरीचे डबे. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या श्रीखंडात पडत आणि स्त्रिया कौतुकाने उद्गार काढत. फुले गळताना पाहायला या देशात लोक कामावरून सुट्टी घेतात, आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही. मात्र त्याच आठवड्यात आमच्या टेकडीवर मोह गळत होता आणि तो पाहण्यासाठी तारेच्या बाहेर उभे राहावे लागत होते.

मी अध्यक्षांपुढे जाऊन बसलो. "माझ्या तिन्ही पत्रांचे उत्तर मला इथे, सर्वांसमोर हवे आहे."

"काका, आज नको ना! इतका सुंदर दिवस आहे. एक पुरी घ्या."

"मी पुरीसाठी आलेलो नाही."

"बाबा," सूनबाई हळूच म्हणाल्या. पुढे काही बोलणार तोच माझा मोबाइल वाजला. वहिनी होती. मी आवाज मोठा केला आणि मोबाइल डब्यांच्या मधोमध ठेवला. या वेळी आवाज येईल याची खात्री मी स्वतः करून घेतली.

मी म्हणालो, "वहिनी, सगळे जपानवाले बसले आहेत. अध्यक्षही आहेत. बोला."

"आहेत का? बरं झालं," वहिनी म्हणाली. "साहेब, नमस्कार. मोहा गळून रायला जी. अंदर गळून रायला आन् आमी बाहीर. सकाळी सकाळी जाऊन तारेपाशी उभ्या रायतो. रानडुकरं खाऊन रायले सारा. डुकराले तार नाई लागत, खालून घुसते. माणसालेच लागते."

अध्यक्ष घसा साफ करून म्हणाले, "वहिनी, नमस्कार! तुमचं म्हणणं अगदी व्हॅलिड आहे. पण प्रोजेक्ट लाँग-टर्म आहे ना. रोपं लहान आहेत, प्रोटेक्शन लागतं. थोडी वर्षं कळ काढा, मग तिथे इतकी सुंदर गुलाबी फुलं येतील!"

"खाची असतेत का?"

"नाही, खायची नाहीत. बघायची."

"बरं. कोण पायते?"

"तुम्ही सगळे! आणि आम्हीही दरवर्षी येणार."

"तुमी येजा जी, राग नाई. भाकर देऊ. पण माह्या झाडाखालचा मोहा गेला यंदाचा. गेला तो गेला. आता तेंदूचं पान येते. तेवढं फाटक खोला. पान गेलं तं पावसाळ्यात मी काय खाऊ, ते तुमी सांगा."

ती थांबली. मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. अवघड क्षणातून सभा कशी बाहेर काढायची, हे त्या माणसाला उपजत कळते.

"वा! किती मनापासून बोललात! मंडळी, याला म्हणतात ग्रासरूट्सचा आवाज. वहिनींसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. शेजारच्या अंथरुणावरची जपानी मंडळीही कौतुकाने वळून पाहू लागली, आणि त्यांतल्या एकाने, काय चालले आहे हे न कळताही, शिष्टाचार म्हणून दोन टाळ्या दिल्या.

मोबाइलमधून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी."

"बोला, वहिनी."

"ह्या टाळ्या आयकू आल्या. आता कायची मंजुरी दिली जी मी?"

टाळ्या थांबल्या. कोणी हसले नाही. अध्यक्ष श्रीखंडाच्या डब्याचे झाकण शोधू लागले. ते त्यांच्या मांडीवरच होते. माझा मुलगा, जो मंडळात कधी तोंड उघडत नाही, उठला, जोडे घातले आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता की आणखी काही, हे मी त्याला विचारले नाही. ती त्याची काकू आहे. लहानपणी तिनेच त्याला खांद्यावर बसवून टेकडीवर नेले होते.

सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. हे मी पाहिले आणि इथे नोंदवतो, कारण जबाबदारांच्या यादीत मी त्यांचे स्थान वर लिहिले आहे, आणि नोंद दोन्ही बाजूंची असावी लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्यांनी इतिवृत्ताची दुरुस्ती माझ्यापुढे ठेवली. 'गावातील एका स्त्रीने भाषण केले. ते ऐकू आले नाही. ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली. ती ऐकून घेतली नाही.'

मी म्हणालो, "चारही वाक्ये निर्दोष आहेत."

"तुमच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. "मी अध्यक्षांना पाठवलंय."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, दुरुस्तीला वार्षिक सभेची मंजुरी लागते. ती पावसाळ्यानंतर आहे. तोवर आपण थोडी नेमावाशी करू."

म्हणजे माझ्या गावाचा हक्क काढून घ्यायला एक दुपार पुरली, आणि घडलेले खरे लिहायला एक पावसाळा लागणार. अध्यक्ष मला म्हणतात, की काका, तुम्ही फार कायद्यावर बोट ठेवता. ठेवतो. ज्यांच्या हातात बाकी काहीच नसते, त्यांना बोट ठेवायला कायद्याखेरीज दुसरी जागा नसते. काही सभासद खासगीत सांगतात, की तुमचे बरोबर आहे, पण अध्यक्ष स्वभावाने चांगला माणूस आहे. असेल. त्यांच्या स्वभावाविरुद्ध माझा दावा नाही. चांगल्या स्वभावाच्या माणसाने घातलेल्या तारेलाही काटे असतात.

आणखी काही जण सुचवतात, की वहिनींना मंडळातर्फे मदत म्हणून काही पाठवू या. हा प्रस्ताव मी तिच्यापर्यंत पोहोचवला नाही, कारण तिचे उत्तर मंडळाच्या सभ्य वातावरणात वाचून दाखवता आले नसते. तिने मदत मागितलेली नाही. तिने फाटक उघडायला सांगितले आहे.

यंदाचा मोह गेला. तो कोणत्याही ठरावाने परत येणार नाही, म्हणून त्याबद्दल मी अध्यक्षांकडे काही मागत नाही. जी झुडपे खणली ती खणली. परंतु टेकडीच्या वरच्या अंगाला, जिथे खड्डे पोहोचले नाहीत, तिथे तेंदूला पालवी येते आहे असे वहिनी सांगते. पान तोडायला अजून अवधी आहे, आणि एका वाक्याचे पत्र लिहायला तो पुरेसा आहे.

म्हणून माझी मागणी खासगी पत्राने न करता इथे, सर्वांनी वाचावी अशा जागी, करतो. मंडळाच्या अध्यक्षांनी तेंदूच्या तोडणीआधी, त्याच निशी-कसाईच्या सभागृहात, सर्व सभासदांसमोर आणि गाव पडद्यावर असताना, गावाचा आवाज सुरू ठेवून, पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या तोंडाने द्यावीत. ज्या टेकडीवर पाऊल ठेवले नाही, तिची संमती आपण कोणाकडून घेतली? उभी राहून नकार देणारी बाई आपल्याला दिसली होती की नाही? दिसली असेल, तर आवाज का सुरू केला नाही? आणि कुंपण काढण्याचे पत्र आपण कोणत्या दिवशी लिहिणार?

हात जोडल्याचे चित्र उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. मला परस्पर फोन करून समजूत घालू नये; समजूत मला नको आहे आणि उत्तर मला एकट्याला द्यायचे नाही. उत्तर माझ्या वहिनीला द्यायचे आहे. ती पटांगणात येऊन बसेल. अध्यक्षांनी उभे राहावे आणि बोलावे.